सांगायची लाज, सोसायची शिक्षा

भगिनींनो, या कुटुंब-पानावर आपण मुलांच्या शिक्षणाबद्दल वाचतो, हुंडा, दारू आणि लग्नातल्या अवास्तव खर्चाबद्दल वाचतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार यांवरही लेख येतात. पण एक दुखणे असे आहे की ते घराघरांत आहे आणि कुठल्याच घरात त्याचे नाव घेतले जात नाही. खोकताना, शिंकताना, हसताना, पाण्याचा हंडा उचलताना नकळत लघवी सुटणे, हे ते दुखणे. विषय वाचून काही जणींनी पान उलटले असेल. त्यांना माझी विनंती आहे की पान परत उघडा. आणि बांधवांनीही वाचावे, कारण ज्या आईने, पत्नीने, बहिणीने हे सोसले ती तुमच्याच घरातली आहे.

मी दोंडाईच्याची. आमच्या गावाचा लाल मिरचीचा बाजार साऱ्या खान्देशात माहीत आहे. हिवाळ्यात मिरचीच्या पथारी लागल्या की लांबून रस्ता लाल दिसतो. माझी माय तिथे मिरचीचे देठ खुडायला जायची. सकाळी भाकरीचे फडके घेऊन गेली की दिवे लागायच्या वेळी परत. दिवसभर उकिडवे बसणे, नाकातोंडात मिरचीची धूळ, आणि ठसका. पथारीवर बायकांना आडोसा नव्हता. म्हणून त्या पाणीच पीत नसत. मायच्या फडक्यात भाकरीसोबत जुन्या लुगड्याच्या दोन घड्या असत. त्या कशासाठी, हे मला मी मोठी झाल्यावर कळले. एकदा ती मावशीला हळूच सांगत होती, “खोकला उना का सुटी जास. कोणले सांगू?” मावशीनेही मान हलवली. तिलाही तेच होते. दोघी बहिणींचे त्यावर एवढेच बोलणे झाले.

मायची पाच बाळंतपणे घरीच, सुईणीच्या हातची. बाळ बारा-पंधरा दिवसांचे झाले की ती पुन्हा कामावर. पुढे पुढे तिने लग्नाला जाणे सोडले, एस.टी.चा प्रवास सोडला. विहारात वंदनेला पांढरी साडी नेसून यायची, पण बसायची दाराजवळ, सर्वांच्या मागे. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू असताना मध्येच उठून जायची. काही वर्षांनी तेही सोडले. लोक म्हणत, म्हातारी एकलकोंडी झाली. १९९८ च्या पावसाळ्यात एका रात्री ती घाईने बाहेर जायला उठली आणि ओट्यावरून पडली. खुब्याचे हाड मोडले. त्या अंथरुणावरून ती पुन्हा उठली नाही. दाखल्यावर जे काही लिहिले असेल ते असो, तिच्या मरणाची वाट या न सांगितलेल्या दुखण्यातून गेली, असे मी मानते. रात्री लघवीच्या घाईने धावणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना पडण्याचा आणि हाड मोडण्याचा धोका जास्त असतो, हे आज डॉक्टरही सांगतात.

माझ्यापर्यंत आलेले

मी शिकले, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाले. मला वाटले होते, मायचे कष्ट मायबरोबर गेले. पण तिसऱ्या बाळंतपणानंतर मलाही शिंकेबरोबर थोडे थोडे सुटू लागले. खेड्यातल्या शाळेत तेव्हा शिक्षिकांसाठी मुतारी नव्हती. सकाळी घरून निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नसे. पथारीवरच्या मायने जे केले, तेच मी खुर्चीवर बसून करत होते.

पन्नाशीनंतर पाळी गेली आणि त्रास वाढला. मुलांच्या कवायतीत हात वर करून दाखवायचीही भीती वाटू लागली. एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरांनी तपासणीसुद्धा केली नाही. “आता वय झाले, गर्भाशयाची पिशवी काढून टाकू, सगळे थांबेल,” असे म्हणून ऑपरेशनची तारीखच दिली. माझ्या नणंदेने हात धरून मला परत आणले. ती म्हणाली, “वहिनी, पिशवी कापायच्या आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारू.” मग एका सरकारी रुग्णालयात एक बाई डॉक्टर भेटल्या. त्यांनी लघवी तपासली, रक्तातली साखर तपासली, मला झोपवून खोकायला सांगितले, आणि नीट बघितले. साखर वाढलेली निघाली. लघवीत जंतुदोष होता. गर्भाशयाला काहीच झालेले नव्हते. ते आजही माझ्या पोटात आहे.

त्या बाईंनी पंधरा मिनिटे कागदावर चित्र काढून मला जे समजावले, ते मी इथे लिहिते, कारण प्रत्येक बाईला अशी पंधरा मिनिटे मिळत नाहीत.

हे का होते?

आपल्या ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ती ताणलेली असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय या झोळीवर विसावलेले असतात. लघवीच्या पिशवीत साधारण चारशे ते पाचशे मिलिलीटर लघवी मावते. पिशवीच्या तोंडाशी असलेला मार्ग हे स्नायू आवळून धरतात. झोळी सैल झाली की खोकल्याचा, शिंकेचा किंवा ओझ्याचा दाब वरून आला की मार्ग आवळलेला राहत नाही आणि लघवी सुटते. हा एक प्रकार झाला.

दुसऱ्या प्रकारात झोळी ठीक असते, पण लघवीची पिशवी उतावळी झालेली असते. भरायच्या आधीच आकसते. अचानक इतकी घाई होते की संडासाचे दार गाठेपर्यंत धीर निघत नाही. कित्येक बायकांना दोन्ही प्रकार एकत्र असतात. तिसऱ्या प्रकारात पिशवी पूर्ण रिकामीच होत नाही आणि भरलेल्या रांजणासारखी वरून गळत राहते. जुन्या मधुमेहात नसा बधिर झाल्या की असे होऊ शकते.

झोळी सैल का होते? पहिले कारण बाळंतपण. बाळ बाहेर येताना हे स्नायू आणि त्यांच्या नसा खूप ताणल्या जातात. बाळंतपणे जास्त, बाळ मोठे, कळा लांबलेल्या, चिमटा लावावा लागलेला, तर धोका वाढतो. नॉर्वे या देशात पंधरा हजारांहून अधिक बायकांची पाहणी करून २००३ साली निष्कर्ष छापले गेले. मूल न झालेल्या बायकांत सुमारे १० टक्के, फक्त सिझेरियन झालेल्यांत सुमारे १६ टक्के आणि नैसर्गिक बाळंतपण झालेल्यांत २१ टक्के बायकांना हा त्रास होता. याचा अर्थ नीट घेतला पाहिजे. सिझेरियन केले म्हणून सुटका नाही, गरोदरपणाचे ओझेही त्या झोळीवर पडतेच. आणि मूल न झालेलीलाही हे होऊ शकते. तेव्हा “तुझ्यातच काही खोट आहे” असे कोणी कोणाला म्हणू नये.

दुसरी कारणे आपल्या रोजच्या जगण्यात आहेत. पाळी गेल्यावर शरीरातला स्त्री-संप्रेरकाचा अंश कमी होतो, तिथली कातडी पातळ होते. वजन वाढले की झोळीवर दाब वाढतो. जुना खोकला, मग तो चुलीच्या धुराने असो, मिरचीच्या धुळीने असो, दम्याने असो की मशेरी-विडीने, दिवसातून शंभर वेळा त्या झोळीला हिसका देतो. बद्धकोष्ठतेत कुंथण्यानेही तेच होते. डोक्यावर हंडे, सरपणाच्या मोळ्या, बांधकामावरच्या घमेल्यांचे ओझे आहेच. मधुमेह, लघवीतला वारंवार होणारा जंतुदोष, आणि काही औषधेही यात भर घालतात. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, काहींनी कोरडा खोकला लागतो. म्हणून डॉक्टरकडे जाताना चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्यावीत. गोळ्या मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत.

विश्रांती कोणाला मिळते?

ही सगळी यादी वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. जी बाई जास्त ओझे उचलते, जिला बाळंतपणानंतर विश्रांती मिळत नाही, जिच्या कामाच्या जागी आडोसा नाही, तिच्या वाट्याला हे जास्त येते. निसर्ग सर्व बायकांना सारखा असेल, पण ओझे सर्वांच्या डोक्यावर सारखे नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-साहाय्याच्या बिलाला पाठिंबा दिला होता. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळाली पाहिजे, त्यात राष्ट्राचेच हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली मुंबई प्रांतात तसा कायदा झाला. तो गिरण्या-कारखान्यांतल्या स्त्रियांना लागू होता. शेतमजूर, पथारीवरची, वीटभट्टीवरची बाई आजही बाळंतपणानंतर किती दिवस घरी बसू शकते, हे आपण आपल्याच वस्तीत पाहावे.

गर्भाशय काढण्याचे माझ्यावर आले होते ते मी टाळू शकले, कारण नणंद शिकलेली होती. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड भगिनींचे तसे झाले नाही. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत तिथल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कित्येक जणी तिशी-चाळिशीच्या. आपल्या खान्देशातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. भगिनींनो, खरेच गरज असेल तर ऑपरेशन करावेच लागते. परंतु लघवी सुटण्यावर गर्भाशय काढणे हा उपाय नव्हे. उलट गर्भाशय काढलेल्या बायकांना पुढे हा त्रास जास्त होतो, असे परदेशातल्या मोठ्या पाहण्यांत दिसले आहे.

आणि एक दुखणे याहून भयंकर आहे. बाळ अडून दोन-दोन दिवस कळा चालल्या, वेळेवर सिझेरियन झाले नाही, तर दाबाने लघवीची पिशवी आणि योनिमार्ग यांच्यामध्ये भोक पडते. मग रात्रंदिवस लघवी गळत राहते. नवरे अशा बायकांना टाकतात. या भोकाचे ऑपरेशन अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ च्या दरम्यान जे. मॅरियन सिम्स या डॉक्टरने बसवले. कोणावर? अनार्का, बेट्सी, ल्युसी या गुलाम काळ्या स्त्रियांवर. भूल न देता, आणि ज्यांना नाही म्हणण्याचा हक्कच नव्हता अशांवर. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा. डॉक्टरचा पुतळा न्यूयॉर्कमध्ये उभा राहिला. तो २०१८ साली हलवण्यात आला. ज्या उपचाराने आज जगभरच्या बायका बऱ्या होतात, तो कोणाच्या वेदनेवर उभा आहे, हे आपल्याला ठाऊक असावे. आपल्याकडे बाळंतपणे दवाखान्यांत होऊ लागल्यापासून हे दुखणे कमी झाले आहे. तरी कुणाला असेल तर तिला सांगा, हे व्यायामाने जाणार नाही, पण ऑपरेशनने बहुतेक वेळा बरे होते.

गप्प बसण्याची किंमत

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तो अहवाल आला. ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. तो अभ्यास सर्वच स्त्रीरोगांचा होता, केवळ आपल्या या विषयाचा नव्हे. पण ते दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. माझी माय आणि मावशी त्या आकड्यांच्या मध्ये उभ्या आहेत.

आडोशाचा प्रश्नही खाजगी नाही. मुंबईत २०११ पासून अनेक संस्था-संघटनांनी मिळून ‘राईट टू पी’ ही चळवळ चालवली, बायकांना मोफत आणि स्वच्छ मुताऱ्या मिळाव्यात म्हणून. ‘मिळून साऱ्याजणी’ने केलेल्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छतागृहे बांधण्याचे आदेश दिले. म्हणजे हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. आपल्या बाजारात, पथारीवर, स्टँडवर तो मागायला नगरपालिकेत अर्ज द्यायचा असेल, तर पहिली सही माझी. ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघताना आदल्या दिवसापासून पाणी सोडणाऱ्या भगिनी मला ठाऊक आहेत. त्यांच्यासाठीही हे मागायचे आहे.

मग करायचे काय?

पाणी सोडणे हा उपाय नाही. पाणी कमी पडले की लघवी दाट होते, पिशवीला झोंबते, घाई वाढते, जंतुदोष आणि बद्धकोष्ठता होते. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. चहा मात्र कमी करावा, आणि झोपायच्या आधी दोन तास पाणी बेताने घ्यावे.

मुख्य उपाय आहे झोळीच्या स्नायूंचा व्यायाम. अमेरिकेतले डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. त्याला पैसा लागत नाही, जागा लागत नाही. वायू सरू नये म्हणून आपण जे आवळतो, तेच स्नायू पुढून-मागून आत-वर आवळायचे. पोट, मांड्या, कुल्हे सैल ठेवायचे आणि श्वास रोखायचा नाही. मनात पाच आकडे मोजेपर्यंत धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. हळूहळू दहापर्यंत न्यायचे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. पंधरा दिवसांत गुण आला नाही म्हणून सोडायचे नाही. लघवी करताना मध्येच धार थांबवून रोज हा व्यायाम करू नये, त्याने पिशवी नीट रिकामी होत नाही. आणि शिंक किंवा खोकला येतोय असे वाटताच, हंडा उचलायच्या आधी, एकदा आवळून घ्यावे. ही सवय लागली की पुष्कळ फरक पडतो.

ज्यांना घाईचा त्रास आहे त्यांनी पिशवीला शिस्त लावावी. तासाला जावे लागत असेल तर पाच-दहा मिनिटे थांबून जावे. दर आठवड्याला थोडे वाढवत अडीच-तीन तासांपर्यंत यावे. याला सहा आठवडे तरी लागतात. वजन जास्त असेल तर थोडे उतरले तरी गुण येतो. साखर ताब्यात ठेवावी, खोकल्याचा इलाज करावा, पोट साफ ठेवावे.

एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरकडे औषधे आहेत, अंग बाहेर येत असेल तर आत बसवायचे कडे आहे, लघवीच्या मार्गाखाली पट्टी बसवण्याचे ऑपरेशन आहे. ऑपरेशनचे स्वतःचे धोकेही असतात. ते शेवटी, सर्व विचारून घेऊन. लघवीत रक्त, जळजळ आणि ताप, सतत गळणे, अंग बाहेर येणे, पायांत अचानक बधिरपणा येऊन लघवीवरचा ताबा जाणे, यांपैकी काही असेल तर व्यायाम करत बसू नये, ताबडतोब दवाखाना गाठावा. दोंडाईच्यात सरकारी दवाखाना आहे. तिथे काम झाले नाही तर धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. तिथे स्त्रीरोग विभागाचा केसपेपर काढावा आणि लाज न बाळगता साध्या शब्दांत सांगावे, “खोकले की लघवी सुटते.”

माझे म्हणाल तर चार महिने नेमाने व्यायाम केला, साखर आणि जंतुदोषावर औषध घेतले. त्रास पुरता गेला असे नाही. सर्दी झाली की अजूनही जपते. पण मी पुन्हा एस.टी.ने नातेवाइकांकडे जाते, आणि विहारात दाराजवळ बसत नाही.

गेल्या वर्षी माझी सून गरोदर होती. मी तिला सातव्या महिन्यापासून हा व्यायाम शिकवला. पहिल्यांदा ती लाजली, मग दोघी सोबत करू लागलो. बाळंत झाल्यावर तिला दीड महिना हंडा उचलू दिला नाही. पाणी माझा मुलगा भरत होता. गल्लीतल्या बायका हसल्या. त्यांतल्या दोघी आठ दिवसांनी संध्याकाळी घरी आल्या, दार लोटून घेतले, आणि म्हणाल्या, “ताई, ते आम्हांलाबी सांगा.”

महिला मंडळांना माझी सूचना आहे. पुढच्या बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. शक्य असेल तर एखाद्या बाई डॉक्टरला किंवा नर्सताईला बोलवा. नाही जमले तर हे पान मोठ्याने वाचा. वाचून झाल्यावर कोणाला काही विचारायचे आहे का, असे एकदाच विचारा आणि थोडा वेळ गप्प बसा. कोणीतरी बोलेलच.

— एक निवृत्त शिक्षिका, दोंडाईचा